दूध काढणारे तान्हे आणि वजनाचा काटा

वर्धा जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात, मग ते आर्वी-कारंजाकडील डोंगरउतारावर वसलेले असो की हिंगणघाट-समुद्रपूरच्या काळ्या जमिनीत, पहिलटकरीण माहेरी बाळंत होऊन दोन-तीन आठवडे लोटले, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते : "लेकराचं पोट भरून नाही राह्यलं." तान्हे तासातासाला छातीशी तोंड मारते, पिऊन होते न होते तोच मूठ चोखू लागते, प्यालेल्यातले बरेचसे दूध आईच्या पदरावर काढते आणि तिन्हीसांज झाली की पाय पोटाशी घेऊन, तोंड लालबुंद करून असे आकांताने रडते की शेजारणी उंबऱ्याशी येऊन उभ्या राहतात. अखंड भूक, दूध काढणे आणि रडणे या तिन्ही गोष्टींचा अर्थ मग एकच लावण्यात येतो, तो म्हणजे आईला दूध कमी आहे किंवा असलेले दूध पातळ आहे; आणि या निदानाची कोणतीही शहानिशा न होता त्यावर अंमलही तत्काळ सुरू होतो. कोणी डब्यातील भुकटी सुचविते, कोणी पाणी घातलेले गाईचे दूध, कोणी सहाणेवर उगाळलेली घुटी. बहुतांश घरांत हा निवाडा चुकीचा असतो, आणि त्याची शिक्षा भोगावी लागते ती निरोगी मुलाला व दूध पुरेसे असलेल्या आईला. रडणे हा भुकेचा पुरावा नव्हे. तान्ह्याची कैफियत खरी की खोटी हे ठरवावयाचे तर ते वजनाच्या काट्यावर आणि भिजलेल्या लंगोटांवर ठरवावे, हे मला येथे आग्रहाने सांगावयाचे आहे.

प्रथम भुकेचा विचार करू. जन्माच्या पहिल्या दिवशी मूल एका वेळी जो चीक पिते तो एखाद-दोन चमच्यांपलीकडे जात नाही, आणि निसर्गाने आईच्या अंगावर त्या दिवशी तेवढाच उतरविलेला असतो. पुढे दूध वाढते तसे जठरही हळूहळू मोठे होते. परंतु मातेचे दूध पचावयास हलके असल्यामुळे दीड-दोन तासांत जठर रिते होते, आणि म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा अंगावर पिणे हा नवजात बालकाचा हावरेपणा नसून त्याचा स्वाभाविक क्रम आहे. त्यातही हे पिणे घड्याळाच्या काट्याबरहुकूम होत नाही. सायंकाळी कित्येक मुले दोन-तीन तास जवळजवळ सलग पीत राहतात, आणि तिसऱ्या व सहाव्या आठवड्याच्या सुमारास वाढीचा जोर असताना तर एक-दोन दिवस आईला उठूसुद्धा देत नाहीत. या मागणीचाच परिणाम म्हणून आईचे दूध वाढते. ज्या घरात नेमक्या याच दिवसांत बाटली आणली जाते तेथे मूल अंगावर कमी पिते, कमी प्याल्यामुळे दूध कमी उतरते, आणि घरच्यांचे मूळचे असत्य अनुमान पंधरवड्यात सत्य होऊन बसते.

आता दूध काढण्याविषयी. अन्ननलिका जेथे जठरास मिळते तेथे स्नायूंचे एक वर्तुळाकार कडे असते. घास खाली जाताना ते सैल पडते आणि एरवी आवळलेले राहते. नवजात बालकाच्या ठायी हे कडे वरचेवर, काही कारण नसताना, क्षणभर सैल सुटते. त्याची अन्ननलिका तोकडी असते, ते दिवसाचा बहुतेक काळ आडवे असते आणि त्याचा आहार संपूर्णपणे द्रवरूप असतो. शिवाय त्या आहाराचे प्रमाण ध्यानात घ्या : तीन किलो वजनाचे मूल दिवसाला सुमारे साडेचारशे मिलीलिटर दूध पिते, आणि हेच प्रमाण साठ किलोच्या प्रौढ मनुष्यास लावले तर त्याला रोज नऊ लिटर दूध प्यावे लागेल. इतके पिऊन आडवे पडणाऱ्या कोणाच्या तोंडातून थोडेसे बाहेर आले तर त्यात आश्चर्य ते काय? यालाच डॉक्टर रिफ्लक्स म्हणतात. तो सामान्यतः दोन महिन्यांच्या आत सुरू होतो, चौथ्या महिन्याच्या सुमारास कळसास पोचतो, त्या वयातील निम्म्याहून अधिक मुले दिवसातून एकदा तरी दूध काढतात, आणि मूल बसू-उभे राहू लागले, घट्ट अन्न खाऊ लागले, की वर्षाच्या आत दहातील नऊ मुलांचा हा त्रास औषधावाचून नाहीसा होतो. जे मूल दूध काढूनही हसते, पिते आणि वजनाने वाढते त्याला आजारी म्हणण्याचे कारण नाही. तेथे काम वाढते ते पदर आणि दुपटी धुणाऱ्याचे.

परंतु भूक आणि रिफ्लक्स यांची एक गुंतागुंत अशी आहे की तिचा उलगडा झाल्यावाचून घरच्यांचा गोंधळ मिटत नाही. वर आलेले आंबट दूध घशाशी जळजळ करीत असेल तर मूल पुन्हा चोखू पाहते, कारण चोखण्याने लाळ सुटते, गिळण्याने ती जळजळ खाली धुऊन जाते, आणि चोखणे ही क्रियाच त्याला शांतविणारी असते. पाहणाऱ्यास वाटते, भूक लागली. मूल छातीशी घेतले जाते, ते उत्सुकतेने पिते, अगोदरच भरलेल्या जठरात आणखी दूध जाते, ते पुन्हा वर येते आणि मूल पुन्हा तोंड मारू लागते. अशा वेळी दूध कमी नसून किंचित अधिक झालेले असते. मूठ तोंडात घालणे किंवा गालाला बोट लागताच तिकडे मान वळविणे ही लक्षणेसुद्धा केवळ भुकेची नाहीत; पहिल्या काही महिन्यांत ती प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून भरल्या पोटीही दिसतात. नुकतेच, अर्ध्या तासापूर्वी, पोटभर प्यालेले मूल पुन्हा तोंड मारू लागले, तर त्याला आधी उभे खांद्याशी घेऊन पाहावे, अंगणात एक फेरी मारावी, आणि तरीही ते शोधतच राहिले तर निःशंकपणे पाजावे. पाजण्यास मज्जाव कधीच नाही. केवळ प्रत्येक रडण्याचे उत्तर दूध हेच असते असे समजू नये.

रडण्याचाही स्वतःचा एक कालक्रम आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझेल्टन यांनी १९६२ साली ऐंशी निरोगी तान्ह्यांच्या रडण्याची मातांकडून रोजनिशी ठेवून घेतली, तेव्हा असे आढळले की रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्यात दिवसाकाठी सुमारे पावणेतीन तासांपर्यंत पोचते आणि तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस आपोआप ओसरते. यातील बरेचसे रडणे सायंकाळचे असते. हा केवळ पाश्चात्त्य घरांतील प्रकार असावा अशी शंका पुष्कळांना होती, पण कालाहारी वाळवंटातील कुंग लोकांच्या बालकांचे, जी जवळजवळ अखंड आईच्या अंगावर असतात आणि तासातून अनेकदा पितात, निरीक्षण रोनाल्ड बार यांनी १९९१ साली प्रसिद्ध केले, त्यातही हाच चढ आणि उतार दिसला. फरक एवढाच, की ती मुले तितक्याच वेळा रडत असली तरी प्रत्येक वेळचे रडणे थोडक्यात आटोपत होते. या एका निरीक्षणाचा मला फार धीर वाटतो. मुलाला कडेखांद्यावर ठेवले म्हणून रडणे मुळातून नाहीसे होत नाही, पण ते लवकर शमते. तेव्हा "उचलून उचलून सवय लागेल" ही घरोघरी दिली जाणारी ताकीद पहिल्या तीन महिन्यांपुरती तरी तहकूब ठेवावी.

मग मुलाचे पोट भरते आहे की नाही हे ओळखावे कसे? पाचव्या-सहाव्या दिवसानंतर मूल चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओले करीत असेल आणि लघवी फिकट रंगाची असेल, तर त्याला दूध मिळत आहे. दुसरा आणि अधिक भरवशाचा साक्षीदार म्हणजे वजन. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत वजन सातआठ टक्क्यांनी घटते, आणि ते पाहून घाबरणारी घरे पुष्कळ आहेत. पण दहा ते चौदा दिवसांत मूल जन्माच्या वजनावर परत येते आणि तेथून पुढे दररोज सरासरी वीस ते तीस ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे ते दोनशे ग्रॅम, वाढते. दूध पातळ आहे की दाट, हे वाटीत काढून बोटाने चाखून ठरविणाऱ्यांना काट्यावरील या आकड्यापुढे काही बोलता येत नाही.

हा काटा घरापर्यंत पोचला त्याचा इतिहास विदर्भाचाच आहे. सेवाग्रामला गांधीजींच्या आश्रमाच्या सान्निध्यात डॉ. सुशीला नय्यर यांनी स्त्रिया व बालके यांच्यासाठी पंधरा खाटांचे जे कस्तुरबा रुग्णालय उभे केले, त्यातूनच १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था निर्माण झाली, आणि वैद्यकीय विद्यार्थ्याने खेड्यात जाऊन राहावे, तेथील घरे ओळखावीत, हा त्या संस्थेचा पहिल्यापासूनचा दंडक राहिला. याच वर्धा-सेवाग्रामच्या वातावरणात वाढलेले डॉ. अभय बंग यांनी डॉ. राणी बंग यांच्यासह पुढे गडचिरोलीत जे काम केले, त्याने नवजात बालकाच्या शुश्रूषेची दिशाच पालटली. त्यांनी गावातीलच स्त्रियांना शिक्षण देऊन, झोळीचा काटा, तापमापक आणि घड्याळ हाती देऊन घरोघर पाठविले. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे वृत्त 'लॅन्सेट' या नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झाले. २०११ पासून केंद्र सरकारने हीच पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर लागू केली, आणि दवाखान्यात जन्मलेल्या मुलाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देणे मुक्रर झाले.

ही वजन घेण्याची कृती नीट पाहिली तर तिच्यात बरेच शिकण्याजोगे आहे. आशाताई प्रथम हात धुते, मग रिकामी झोळी काट्याच्या आकड्याला अडकवून काटा शून्यावर आणते, कारण झोळीचे वजन मुलाच्या वजनात मिसळले तर सारीच नोंद फसवी होते. मुलाचे टोपडे, अंगडे, ओला लंगोट काढून, झोळी जमिनीपासून जेमतेम वीतभर उचलून, काटा डोळ्यांच्या समपातळीत येईपर्यंत ती वाट पाहते; मूल हातपाय झाडीत असेतो सुई थरथरत राहते, ते क्षणभर निवांत झाले की आकडा वाचते आणि माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिते. एका दिवसाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही. आठवड्याच्या अंतराने घेतलेले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की आजीच्या भीतीचे समाधान होते, किंवा ती भीती खरी ठरून मुलाला वेळेवर दवाखान्यात नेता येते. जे मूल अडीच किलोच्या आत जन्मले आहे किंवा दिवस भरण्यापूर्वी आले आहे, त्याच्या बाबतीत तर या आकड्यावाचून एक पाऊलही टाकू नये, कारण असे मूल पिता पिता थकून झोपते, आणि त्याची शांतता पुष्कळदा उपासमारीची असते.

घरी करावयाचे उपाय थोडे आणि साधे आहेत. मुलाने बोंडाच्या टोकाशी चाळा न करता भोवतालच्या काळसर भागासह ते तोंडात घ्यावे, हनुवटी छातीला टेकलेली असावी आणि खालचा ओठ बाहेर वळलेला असावा. असे न झाले तर ते दुधाबरोबर हवा गिळते आणि त्या हवेबरोबर दूध वर येते. एक बाजू पुरती पिऊन झाल्यावर दुसरी द्यावी. मध्ये आणि शेवटी मुलाला उभे धरून, त्याचे पोट आपल्या खांद्याशी आणि मान तळहाताच्या आधाराने ठेवून, पाठीवरून हात फिरवीत ढेकर काढावी. ढेकर आलीच नाही तर हट्ट धरू नये. पाजल्यावर वीस-तीस मिनिटे उभे धरावे, आणि लगेच अंघोळ, मालिश किंवा घट्ट बांधणे करू नये. झोळीच्या पाळण्यात मूल वाकलेल्या स्थितीत राहते, पोटावर दाब येतो आणि हनुवटी छातीवर टेकते. पाजून झाल्या झाल्या त्यात ठेवण्याची घाई टाळावी. झोपविताना मात्र, दूध काढणारे मूल असले तरी, सपाट आणि बेताच्या कडक अंथरुणावर पाठीवरच झोपवावे. पालथे झोपविले तर दूध श्वासात जाणार नाही, ही समजूत घातक आहे; पालथ्या झोपेने अकस्मात मृत्यूचा धोका वाढतो हे सिद्ध झाले आहे, आणि उशी देऊन डोके उंचावण्यानेही लाभ होत नाही.

जे टाळावे त्याची यादी दुर्दैवाने मोठी आहे. वैशाखात वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो तेव्हा तान्ह्याच्या ओठांना पाणी लावण्याचा मोह होतो. पण मातेच्या दुधात सुमारे अठ्ठ्याऐंशी टक्के पाणीच असते, आणि सहा महिन्यांपर्यंत त्या उन्हाळ्यातही वेगळे पाणी लागत नाही. मधाचे बोट चाटविल्याने वर्षाच्या आतील मुलास बॉट्युलिझम नावाचा पक्षाघातासारखा विकार होऊ शकतो. सहाणेवरच्या घुटीविषयी घरातील आजीची श्रद्धा मी समजू शकतो, परंतु सहाण, पाणी आणि बोट यांच्याबरोबर जंतूही पोटात जातात आणि मात्रेला काही परिमाण नसते. पोटावर तापल्या सळईचे डाग देण्याची मेळघाटातून वेळोवेळी समोर आलेली प्रथा तर उघड अत्याचार आहे. गिरणीत राबणाऱ्या माता रडणाऱ्या मुलाला अफूची गोळी देऊन कामावर जात, याची नोंद १९३१ च्या व्हिटली आयोगाच्या अहवालात सापडते. आज ती गोळी गेली, तरी मूल गप्प करणाऱ्या थेंबांची मागणी गेलेली नाही. पोटदुखीवर चिठ्ठीवाचून दुकानातून आणले जाणारे डायसायक्लोमिनचे थेंब सहा महिन्यांच्या आतील मुलाचा श्वास रोखू शकतात. आम्ल कमी करणारी औषधे केवळ दूध काढणाऱ्या आणि रडणाऱ्या निरोगी मुलांना दिली असता त्यांचा परिणाम निरुपयोगी गोळीइतकाच होतो, असे २००९ च्या एका काटेकोर चाचणीत दिसून आले. आणि डब्यातील दुधाविषयी एवढेच सांगतो की १९९२ च्या कायद्याने त्याच्या जाहिरातीस भारतात बंदी आहे ती सबळ कारणानेच.

तथापि काही मुलांचे दूध काढणे निराळे असते, आणि ते वेळीच ओळखले पाहिजे. दोन ते आठ आठवड्यांच्या वयात, विशेषतः मुलगा आणि त्यातही पहिला असेल तर, दूध दूरवर जोराने फेकले जाऊ लागले, दर पाजण्याला अधिकच जोराने, आणि फेकून होताच मूल पुन्हा अधाशासारखे पिऊ लागले, तर जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड होऊन वाट बंद होत असण्याचा संभव असतो. भुकेलेपणा आणि उलटी यांची ही जोडी फसवी आहे. मूल दिवसेंदिवस वाळत जाते, लघवी कमी होते. जर्मन शल्यवैद्य रामश्टेट यांनी १९१२ साली वर्णिलेल्या छोट्या शस्त्रक्रियेने ते पूर्ण बरे होते, मात्र पाणी आणि क्षार ढळण्यापूर्वी ते दवाखान्यात पोचले पाहिजे. हिरवी उलटी झाली तर आतड्याला पीळ पडल्याची शंका धरून तासाचाही विलंब करू नये. उलटीत किंवा शौचात रक्त, फुगून ताठ झालेले पोट, ताप किंवा अंग गार पडणे, टाळू फुगणे, पिणे सोडून देणे, उठविले तरी सुस्त राहणे, श्वासाला धाप लागणे किंवा वजन न वाढणे, यांपैकी एकही गोष्ट दिसल्यास घरगुती उपाय थांबवावेत. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बालकाचे सरकारी रुग्णालयातील उपचार आणि तेथवरची वाहतूक मोफत आहे, आणि १०२ किंवा १०८ क्रमांकावर गाडी मागविता येते. हा आईचा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

या साऱ्यात आईकडे कोण पाहतो? रात्री पाच-सहा वेळा उठणाऱ्या, टाके अजून दुखत असलेल्या आणि "तुझंच दूध पुरत नाही" हे दिवसातून अनेकदा ऐकणाऱ्या मुलीच्या मनाची अवस्था काय होत असेल? पाजणे तिलाच करावे लागते. पण ढेकर काढणे, उभे घेऊन फिरणे, दुपटी धुणे, सायंकाळचे दोन तास मूल सांभाळणे ही कामे बापाची आणि आजोबांची होऊ शकतात, आणि ती झाली पाहिजेत. रडणे असह्य होऊन हात थरथरू लागले तर मुलाला पाठीवर सुरक्षित ठेवून दहा मिनिटे दुसऱ्या खोलीत जावे. त्याला गदगदा हलविले तर मेंदूला कायमची इजा होते. दोन आठवड्यांहून अधिक काळ आईचे मन उदास राहिले, मूल झोपले तरी तिला झोप येत नसली, तर तिलाही डॉक्टरांकडे नेणे तितकेच जरूर आहे.

शेवटी व्यवस्थेतील एका उणिवेकडे लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. आशाताईची ठरलेली शेवटची भेट बेचाळिसाव्या दिवशी असते, म्हणजे रडणे जेव्हा कळसास पोचते नेमके तेव्हा. आणि २०१८ पासून सुरू झालेल्या पुढच्या गृहभेटी तिसऱ्या महिन्यापासून आरंभतात. मधल्या दीड महिन्यात, दूध काढणे चढत्या क्रमाने असताना, काटा घेऊन घरी येणारे कोणी नसते. त्यातच आपल्याकडे सव्वा महिना झाला की कित्येक बाळंतिणी माहेरहून सासरी जातात. माहेरच्या देवळीची आशा मागे राहते, सासरच्या आष्टीची आशा अजून ओळखीची नसते आणि नोंदीचा धागा मध्येच तुटतो. याच मुदतीत डबा घरात येतो. सुदैवाने सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला लसीकरणासाठी मुलाला अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात न्यावेच लागते. त्या तिन्ही दिवशी सुई टोचण्यापूर्वी मुलाचे वजन करून ते कार्डावर लिहून घेण्याचा आईने आग्रह धरावा, सासरी निघताना ते कार्ड बाळंतविड्याबरोबर आठवणीने घ्यावे, आणि माहेरच्या आशाताईने सासरच्या आशाताईला फोन करून शेवटचा आकडा कळवावा.